शेवटच्या दोन ओळी

ताईच्या बोटात सुई उभी होती आणि ताई बोलत होती.

रविवारची दुपार होती. खिडकीतला उजेड तिच्या मांडीवरच्या राखाडी कोटावर पडला होता. कोटाच्या बाहीला सिगारेटनं जळून वाटाण्याएवढं भोक पडलं होतं आणि ती ते बुजवत होती. रफूचं काम ती तीस वर्षं करत आली होती. कोटाच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथून, एकेक धागा ओढून काढायचा आणि भोकावर उभा-आडवा असा विणायचा की कोट घालणाऱ्यालाही नंतर जागा सापडू नये. तिचा धाकटा भाऊ समोरच्या खुर्चीत पाय लांब करून बसला होता, दर रविवारी बसायचा तसा. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचा कुत्रा जिन्याच्या कठड्यात डोकं घालून कसा अडकला आणि त्याला सोडवायला गेलेल्या शेजाऱ्याचाच हात कसा अडकून बसला, हे ती सांगत होती. सांगता सांगता कपाळावर आलेली बट मागे सारायला तिनं डावा हात उचलला, तेव्हा त्याला दिसलं. आधी वाटलं, सुई धाग्यानं बोटाला चिकटून आली असेल. मग लक्षात आलं की ती तर्जनीच्या पेरात तिरकी रुतलेली आहे, चांगली आत, आणि तिच्यात ओवलेला राखाडी धागा ताईच्या गालावरून फिरतो आहे.

"ताई, बोट," तो म्हणाला.

तिनं बोटाकडे पाहिलं. पाहुणा आपल्याकडे चष्मा विसरून जातो आणि तो दुसऱ्या दिवशी आपल्याला दिसतो, तसं. सुई उपटली, बोट तोंडात घातलं, "हे असं होतं हल्ली," म्हणाली, आणि साबण चोळून कुत्र्याचं डोकं बाहेर काढलं तिथपर्यंतची गोष्ट पुरी केली. पुढे कितीही वेळा त्याला ती दुपार आठवली तरी सुईचं एवढं काही वाटायचं नाही. तिनं गोष्ट पुरी केली, याचं वाटायचं. आवाज जराही हलला नव्हता. बोट तिचं नव्हतंच जणू.

मग त्यानं खोदून खोदून विचारलं आणि तिनं हसत हसत, हातचं काम न थांबवता सांगितलं. पायाखाली गेले पाच-सहा महिने कुणीतरी रजईची घडी ठेवल्यासारखं वाटतं. मुंग्या येतात, त्या जात नाहीत. एकदा एका पायातली चप्पल कुठे निसटली ते न कळता ती भाजीच्या दुकानापर्यंत जाऊन आली. दुकानदारानं सांगितलं तेव्हा कळलं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल एका अंगाला जातो, म्हणून न्हाणीत एक कोपर भिंतीला टेकवून ठेवायचं, ते आता सवयीचं झालंय. जीभ चुरचुरते. यातलं काहीच सांगण्यासारखं नव्हतं, वय झालं की असं व्हायचंच, ती म्हणाली. ती अठ्ठावन्न वर्षांची होती. तो तिच्याहून सात वर्षांनी लहान. सात वर्षांनी आपलंही असं होईल का, असा एक भित्रा, स्वतःपुरता विचार त्याच्या मनात आला, आणि त्याची त्याला लाज वाटली. त्यानं तिला जीभ दाखवायला सांगितलं. लहानपणी ती त्याला सांगायची, तसं. ताईनं जीभ काढली. ती लाल होती आणि गुळगुळीत, घासून घासून अक्षरं गेलेल्या नाण्यासारखी.

पण ती खात तर उत्तम होती. खाण्याच्या बाबतीत त्याला तिचा इतका भरवसा होता की डोकं त्या दिशेला वळलंच नाही. मेहुणे गेल्यानंतरची चार वर्षं मात्र वाईट होती. एकटीसाठी काय शिजवायचं म्हणून ती चहात पाव बुडवून खायची, दोन्ही वेळा. गुडघे सुजले, रक्तातली चरबी वाढली, आणि कधी बोलता बोलता ती मधेच थांबून शिवणयंत्राच्या झाकणाकडे बघत राहायची. तोही एकटाच, दोन बसथांब्यांच्या अंतरावर राहणारा, छापखान्याच्या उपाहारगृहात अंडापाव खाऊन दिवस काढणारा; तो तिला काय सांगणार. त्याच सुमाराला छापखान्यात एक पुस्तिका आली. एका आहारतज्ज्ञ बाईंनी लिहिलेली, बत्तीस पानांची: दूध, अंडी, मांस, मध यांपैकी काहीही न घेता रोजचं जेवण कसं करावं, सोप्यात सोपं, आणि अंगाला काही कमी न पडता. तिची प्रुफं त्यानं वाचली. तो मुद्रितशोधक होता. छापायला जाण्याआधी प्रत्येक पान वाचून चुका काढणारा माणूस. एका अनुस्वारासाठी त्यानं एकदा चालू यंत्र थांबवलं होतं, तेव्हापासून छापखान्यात त्याचं नावच अनुस्वार पडलं होतं. पुस्तिका त्याला मनापासून आवडली. बाई रागवत नव्हत्या, उपदेश करत नव्हत्या. रात्री छोले भिजत घाला आणि निवांत झोपा, बाकीचं ते आपलं आपण करतात, असं लिहीत होत्या. एक प्रत त्यानं ताईला नेऊन दिली. सहज.

तिनं ती एका बैठकीत वाचली आणि दुसऱ्या दिवशी घरातलं दूध वरच्या शेजाऱ्याला देऊन टाकलं. त्या दिवसापासून त्याला दुपारी बरोबर एक वाजता तिचा फोन यायला लागला. आज मसुराचं सूप, त्यात पालक, वरून लिंबू पिळलं. पालकातलं लोह लिंबाशिवाय अंगात शिरत नाही, ठाऊक आहे का तुला? आज छोले आणि टोमॅटो, भाताबरोबर. आज ओट्स शिजवले सोयाच्या दुधात, केळं कुस्करून घातलं, वर जवसाची पूड. हाडांसाठी तीळ वाटून पावाला लावायचे. अक्रोड चार, जास्त नाही, तशी हाव वाईट. पुस्तिका चुलीशेजारी खिळ्याला टांगली होती आणि तिच्या पानांवर टोमॅटोचे शिंतोडे होते, म्हणजे ती वापरात होती. चार महिन्यांत ताईचे गुडघे उतरले. चेहरा उघडला. ती पुन्हा लोकांची मापं काढू लागली, शेजाऱ्याला टोपणनावं ठेवू लागली. फोन ठेवल्यावर तो पुढची प्रुफं ओढायचा तेव्हा त्याच्या छातीत ऊब असायची. आयुष्यात आपण कुणासाठी तरी एक गोष्ट धड केली, अशी. सोळा महिने त्यानं ती ऊब बाळगली होती.

मंगळवारी तो तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. लहानशी खोली, दोन खुर्च्या, भिंतीवर मज्जातंतूंचं रंगीत चित्र. बाईंनी ताईला डोळे मिटायला सांगून पायांना कापूस लावला, टाचणी टोचली, धातूचा नादकाटा टेबलावर आपटून अंगठ्याच्या हाडाला लावला आणि थरथर जाणवते का विचारलं. ताई डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून वाट बघत राहिली. "लावा ना," ती म्हणाली. नादकाटा केव्हाचा लावलेलाच होता. तो दुसऱ्या खुर्चीत होता, त्याला त्याचा बारीक गुणगुणाट ऐकू येत होता.

मग बाईंनी खाण्यापिण्याचं विचारलं, आणि ताई ताठ बसली. तिनं सोमवारपासून रविवारपर्यंत सगळं सांगितलं, लिंबासकट, जवसासकट. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबून ऐकू लागल्या. इतकं विचारानं खाणारी माणसं आपल्याकडे फारशी येत नाहीत, असं त्या म्हणाल्याही. त्यानंतर त्यांनी सहज, पुढच्या रकान्यात काय भरायचं एवढ्यापुरतं विचारलं की बी-१२ ची गोळी कोणती घेता.

"ती पुस्तकात नाही," ताई म्हणाली.

असायला हवी, बाई म्हणाल्या. हे असं जेवण सांगणाऱ्या प्रत्येक पुस्तकात असते. पहिली तीच लिहितात.

"नाही. असती तर मी घेतली असती. मला ते पुस्तक पाठ आहे. आणि ते काही असंतसं नाही, माझ्या या भावानं स्वतः वाचून छापायला दिलंय." तिनं हातानं त्याच्याकडे दाखवलं. बाईंनी त्याच्याकडे बघून ओळखीचं हसल्यासारखं केलं.

तेव्हा ते वाक्य त्याच्या समोर आलं. सबंध आलं, आपल्या स्वल्पविरामासकट. 'बी-१२ हे जीवनसत्त्व मात्र या जेवणातून मिळत नाही, त्याची गोळी वेगळी घ्यावीच लागते. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या.' पहिल्या प्रुफात 'वेगळी'चं 'वेगली' पडलं होतं आणि 'ल'चा 'ळ' त्यानं केला होता, हेही आलं. खोलीतला आवाज एकदम कमी झाला, पोहताना कानात पाणी जावं तसा. बाईंचे ओठ हलत होते. ताई मान डोलवत होती. त्यानं टेबलावरच्या पट्टीवरचे आकडे वाचले. एक, दोन, तीन, चार. वाचता येत होतं. मज्जातंतूंच्या चित्राखाली 'उर्ध्व' असं छापलं होतं. 'ऊ' दीर्घ हवा, त्यानं मनात दुरुस्त केलं, आणि अशा वेळी आपल्याला ते दिसलं याचा त्याला धक्का बसला. कुठला माणूस आहोत आपण. बाई सांगत होत्या की साठा आधीपासूनच तळाला गेला असणार, चहापावाच्या वर्षांत; त्यावर हे सोळा महिने. इंजेक्शनं आजपासून सुरू करू. काही परत येतं, काही येत नाही. सहा महिन्यांनी कळेल. जेवण बदलायचं काही कारण नाही, जेवण छान आहे. एवढी एकच गोष्ट राहून गेली.

राहून गेली. जिना उतरताना ताई एका हातानं कठडा आणि एका हातानं त्याचा दंड धरून उतरत होती आणि तो शब्द त्याच्या डोक्यात प्रत्येक पायरीवर वाजत होता. राहून गेली नव्हती. घरी पोचवून तो परत फिरला तेव्हा तिनं दारातून सांगितलं की त्या लिहिणाऱ्या बाईंना कळव बरं, बिचारीच्या लक्षात राहिलं नसेल. तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात त्यानं जुन्या कामांच्या पाकिटांतून ते पाकीट काढलं. काढायची गरज नव्हती, त्याला सगळं आठवत होतं. पण आपल्याला आठवतं ते चुकीचं असेल, अशी एक चिवट आशा होती. तिसरं प्रूफ. सोळा पानांचा एक फर्मा, असे दोन फर्मे, बत्तीस पानं. आणि तेहेतिसाव्या पानावर वर नुसत्या दोन ओळी, खाली सगळं कोरं. पानं लावणारी मुलगी तेव्हा त्याच्या टेबलाशी येऊन म्हणाली होती की दोन ओळी बाहेर जातायत, काय करू. पुष्कळ काही करता आलं असतं. एखादं उपशीर्षक काढता आलं असतं. ओळींतलं अंतर केसभर कमी करता आलं असतं. बत्तिसाव्या पानावर लिंबाचं एक चित्र होतं, दोन बोटं उंचीचं, ते काढलं असतं तर दोनाच्या जागी पाच ओळी मावल्या असत्या. पण लिंबू देखणं होतं. आणि त्याखालचं वाक्य 'आता जेवायला बसा' हे होतं, आणि ते वाक्य त्याला आवडलं होतं. पुस्तक असं संपावं, त्याला वाटलं होतं. हात पुसत कुणीतरी स्वयंपाकघरातून बाहेर यावं, तसं. त्यानंतर त्या दोन ओळी म्हणजे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. "हे वैद्यकीतले लोक जाता जाता धाक घातल्याशिवाय सोडत नाहीत," तो म्हणाला होता. मुलगी हसली होती. लेखिकाबाईंना फोन लावायला हवा होता. दुपारचे साडेतीन झाले होते, चारला फर्मा यंत्रावर चढणार होता. त्यानं लाल पेन घेतलं. समोर कागदावर ती खूण होती, दोन्ही ओळींमधून सरळ गेलेली रेघ आणि शेवटी वर उडालेलं गोल शेपूट. त्याची ती खूण छापखान्यात नावाजलेली होती. नवीन येणाऱ्यांना दाखवायचे, खोडावं तर असं.

तो त्या कागदासमोर किती वेळ बसला कुणास ठाऊक. त्याला वडील आठवले. वडिलांना वाचता येत नव्हतं. ते एका गोदामाचे पहारेकरी होते आणि छापलेला कागद कुठेही दिसला तरी तो उचलून, सरळ करून खिशात ठेवायचे. घरी आणून ताईला द्यायचे आणि काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचायला लावायचे. पंख्याची जाहिरात असो, कुणी हरवल्याची सूचना असो. छापलंय म्हणजे कुणीतरी विचार केलाय, असं ते म्हणायचे. ताई वाचायची आणि तो तिच्या बगलेत घुसून तिच्या बोटाकडे बघायचा. बोट अक्षरांखालून सरकायचं. तो अक्षरं शिकला ती शाळेत जायच्या आधी, ताईच्या नखाशेजारी. नख थांबलं की अक्षर थांबायचं. त्याच्या सगळ्या आयुष्याचं भाडं त्या बोटानं भरलं होतं आणि त्यानं... इथे त्याला विचार पुढे नेता येईना. समोर कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं प्रूफ पडलं होतं. ते त्यानं चार वेळा वाचलं. अक्षरं दिसत होती, शब्द होत नव्हते. पाचव्या वेळी तो उठून मालकांकडे गेला आणि सांगितलं. मालकांनी दार लावून घेतलं. आणखी कुणाला कळलंय, एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आणि बहिणीचं ऐकून वाईट वाटलं असंही म्हणाले, पण दार लावल्यावर. कळवावं लागेल, तो म्हणाला, आणि मालक त्याच्याकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखे बघत राहिले.

आहारतज्ज्ञ बाई औषधाच्या दुकानावरच्या एका खोलीत बसत. तो गेला तेव्हा त्या डब्यातून जेवत होत्या. त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं, सगळं, लिंबाच्या चित्रासकट. बाईंनी चमचा खाली ठेवला. पहिलं त्यांनी हे विचारलं की ताईंना इंजेक्शनं सुरू झाली का. मग त्या उठल्या, फळीवरच्या गठ्ठ्यातून एक प्रत काढली आणि शेवटचं पान उघडलं. प्रत कोरी होती, उघडताना पाठीतून करकरली. छापून आलेलं मी उघडतच नाही, त्या म्हणाल्या, उघडलं की चुका दिसतात आणि मग झोप येत नाही. तुम्ही आहात म्हणून निश्चिंत होते. त्यात टोमणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. त्या बराच वेळ लिंबाकडे बघत राहिल्या.

"त्या ओळी मी मुद्दाम शेवटी ठेवल्या होत्या," त्या म्हणाल्या. "शेवटचं वाचलेलं लक्षात राहतं म्हणून."

ताईला सांगायला त्याला आणखी तीन दिवस लागले. तीन दिवस तो रोज छापखान्यातून थेट तिच्याकडे गेला, तिला इंजेक्शनासाठी नेलं, आणलं, धरायला दंड पुढे केला, आणि रोज शब्द जुळवून नेले आणि परत आणले. तिचा स्वभाव त्याला पाठ होता. ती रडणार नाही, ओरडणार नाही, कदाचित जाऊ दे म्हणेल. जाऊ दे म्हणाली तर आपण काय करायचं, याची त्याला सगळ्यात जास्त भीती होती. चौथ्या दिवशी ती ओट्ससाठी सोयाचं दूध ओतत होती. पातेल्याचा कान नीट धरलाय की नाही हे तिला आता बघून ठरवावं लागत होतं. नजर हातावरून हलवत नव्हती. "त्या बाईंचं लक्षात राहिलं होतं," तो म्हणाला. "त्यांनी लिहिलं होतं. मी खोडलं."

तिनं आच बंद केली. का, असं न विचारता तिनं विचारलं की काय होतं ते वाक्य. त्याला ते म्हणून दाखवावं लागलं. स्वतःच्या तोंडून ते ऐकताना त्याला कळलं की ते किती साधं वाक्य होतं, सहावीतल्या मुलाला कळेल असं, आणि त्यात धाक कुठेच नव्हता.

"आणि ते काढून काय ठेवलंस?"

"आता जेवायला बसा."

ती स्टुलावर बसली. खिळ्याला टांगलेल्या पुस्तिकेकडे तिनं पाहिलं नाही, पण त्यानं पाहिलं. "ते मला फार आवडायचं," ती म्हणाली. "ताट वाढून घेतलं की मी रोज ते पान उघडायची. एकटं माणूस उभ्यानं खातं, तुला ठाऊक आहे. मला वाटायचं, कुणीतरी बसायला सांगतंय. मी बसायची." पातेल्यातल्या दुधावर साय धरायला लागली, सोयाच्या दुधालाही साय धरते, हे त्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "आज तू जा," ती म्हणाली. "उद्याचं इंजेक्शन शेजारी नेईल मला."

तो रस्त्यानं चालत घरी आला. दोन थांबे. लोक भाज्या घेत होते, सायकलला कुलूप लावत होते. तिला राग येईल, याला तो तयार होता, पण तिनं ते वाक्य रोज उघडून वाचलं असेल, हे त्याच्या कुठल्याच तयारीत बसत नव्हतं. म्हणजे तिला बसवलं ते त्यानंच, आणि... पुन्हा तो विचार तिथेच अडला. त्यानं खिशातून चावी काढली आणि बोटांना ती गार लागली. एवढ्याशा गोष्टीनं त्याला दारात खाली बसावं लागलं.

पुढचा दीड महिना तो दुपारच्या सुट्टीत आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत बसून फोन करत होता. दोन हजार प्रती छापल्या होत्या. सातशे अजून गठ्ठ्यात होत्या, त्यांत चिकटवायला छापखान्यानं दुरुस्तीची चिठ्ठी छापून दिली. बाकीच्या जिथून वाटल्या गेल्या होत्या त्या दवाखान्यांमध्ये आणि व्यायामशाळेत बाईंनी सूचना लावल्या. उरले ते बाईंकडून समोरासमोर पुस्तिका घेऊन गेलेले एकशे चाळीस-पंचेचाळीस जण, ज्यांचे क्रमांक त्यांच्या वहीत होते. हे आपणच करायचं, असं त्यानं मागून घेतलं. मी ती पुस्तिका तपासणारा माणूस, तो सुरुवात करायचा, माझ्या हातून त्यातला एक महत्त्वाचा मजकूर गेलेला आहे. पलीकडचं माणूस दचकेल, चिडेल, खडसावेल, या तयारीनं तो फोन कानाला घट्ट धरायचा. पहिल्या बाई म्हणाल्या, कुठली पुस्तिका? दुसऱ्या गृहस्थांनी ती टेबलाचा पाय डुगडुगत होता म्हणून त्याखाली घातली होती आणि तेव्हापासून टेबल स्थिर होतं, याबद्दल त्यांनी आभार मानले. एकानं आठ दिवस पाळलं आणि नवव्या दिवशी चीजपुढे हात टेकले. एक निवृत्त शिक्षिका भरभरून बोलल्या की पुस्तिका अतिशय सुंदर आहे, विशेषतः ते लिंबू. करून मात्र अजून काही पाहिलं नाही. व्यायामशाळेतला शिक्षक पाळत होता, पण त्याच्या मैत्रिणीनं पहिल्याच दिवशी गोळी आणून दिली होती. चारसहा जणांनी अधूनमधून छोले केले होते. वहीतलं शेवटचं नाव संपलं त्या दुपारी त्यानं फोन खाली ठेवला आणि बाईंनी विचारलं की काय. यातल्या कुणालाही काही झालेलं नाही, तो म्हणाला. बाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. त्यालाही हायसं वाटायला हवं होतं. तो वहीकडे बघत राहिला. इतक्या जणांनी पुस्तक नेलं होतं, चाळलं होतं, कौतुक केलं होतं, विसरले होते. त्यातली अक्षर न् अक्षर खरी मानून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जगलेलं माणूस त्याला एकच सापडलं होतं, आणि तिनं तसं केलं होतं ते त्याच्यामुळे.

ताईनं त्याला यायला मनाई केली नव्हती. पण एक वाजता फोन येणं बंद झालं. तो रविवारी जायचा, ती दार उघडायची, इंजेक्शनं आता आठवड्याला आहेत, आता महिन्याला आहेत, असं सांगायची, आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल काही सांगायची नाही. जेवण ती तेच जेवत होती. त्यानं एकदा चाचरत विचारलं की सोडावंसं नाही वाटलं का, तर तिनं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. जेवणानं काय केलंय, ती म्हणाली. अंडापाव त्यानं स्वतःहून सोडला होता. पुस्तिकेतला पहिला आठवडा तो घरी करून बघत होता, मसूर करपवत होता, आणि रोज न चुकता गोळी घेत होता. हे त्यानं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते काहीतरी मागितल्यासारखं झालं असतं.

सहा महिने झाले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नादकाटा लावला. "आलं," ताई म्हणाली, पायाच्या अंगठ्याला लावला तेव्हा. आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं निखळ आश्चर्य होतं की बाईही हसल्या. पाय परत आले होते, जवळजवळ सगळे. जीभ बरी झाली होती. हाताच्या बोटांपाशी मात्र ती डोळे मिटून थांबून राहिली, मान तशीच किंचित वाकडी करून, आणि या वेळी तिनं लावा ना म्हटलं नाही. तिला ठाऊक होतं की लावलेला आहे. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि अजून वाट बघू म्हणाल्या. त्या वाक्याचं वजन त्या तिघांनाही कळलं.

तिला घरी घेऊन तो आला तर दारात एक गिऱ्हाईक उभं होतं, हातावर निळा लोकरी कोट टाकलेली एक तरुण बाई. खिशाजवळ फाटलाय, आईचा कोट आहे, सगळे तुमचंच नाव सांगतात, असं ती म्हणत होती. ताईनं कोट घेतला, उजेडाकडे वळवला, फाटलेली जागा डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिली, आतली शिवण उलटून धागा किती मिळेल तेही पाहिलं. त्याला वाटलं ती काम घेते आहे. "छान कोट आहे," ती म्हणाली. "पण मी आता रफू करत नाही." बाजाराच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ करतात, जरा महाग आहेत पण हात चांगला आहे, असं तिनं सांगितलं, आणि कोट व्यवस्थित घडी घालून परत दिला. किती सरळ आवाजात. तीस वर्षं, आणि एका वाक्यात, उंबऱ्यावर उभ्याउभ्या, अनोळखी बाईला सांगून ते संपलं होतं. आणि ते वाक्य तिनं आज जुळवलेलं नव्हतं, ते पुष्कळ दिवस तयार होतं, हे त्याला तिच्या आवाजावरून कळलं.

आत आल्यावर ती खुर्चीत बसली. यंत्रावर शिवता येतं, ती म्हणाली, पडदे, उशांचे अभ्रे, सरळ शिवणी. त्याला डोळे पुरतात. चालेल माझं. तो उभाच होता. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण तिनं हात किंचित वर केला.

"हे बघ. मला राग आलाय," ती म्हणाली. "रोज सकाळी उठल्यावर येतो. तू चांगला आहेस, तू फोन केलेस, मला सगळं कळलंय, त्या पुस्तक लिहिणाऱ्या बाई येऊन गेल्या होत्या. तरी येतो. कधी जाईल ते मला सांगता येत नाही. जाईलच असंही नाही." तिनं हात मांडीवर ठेवले, एकावर एक. "पण तू रविवारी येत जा."

तो हो म्हणाला.

"आणि जाताना तेवढे पेले धुऊन जा. माझ्या हातातून निसटतात."

मोरीत तीन पेले होते. त्यानं नळ सोडला. पाणी आधी गार आलं, मग कोमट, मग चटका बसेल इतकं गरम, आणि त्यानं हात काढला नाही. एक पेला घासला, आतून, बाहेरून, कडेनं, उजेडाकडे धरून बघितला, पालथा घातला. मग दुसरा. पाठीमागे ताई बसलेली होती. तिनं यंत्राचं झाकण काढलं नाही, रेडिओ लावला नाही. तिची नजर आपल्या पाठीवर आहे की खिडकीबाहेर, हे त्याला कळत नव्हतं आणि वळून बघायची त्याची हिंमत नव्हती. त्यानं तिसरा पेला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. तोही त्यानं धुतला.

पुढच्या रविवारी तो गेला. बेल वाजवून उभा राहिला. आत बराच वेळ काही हललं नाही, आणि त्यानं दुसऱ्यांदा वाजवली नाही. मग कडी निघाल्याचा आवाज झाला.